मदत हवी आहे: जर्मन बी-१, ऐकण्यात ४७, बोलण्यात ५२. पाठांतराशिवाय भाषेचा अभ्यास कसा करतात?

नमस्कार मंडळी,

मी लातूरची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली. सहा वर्षं झाली, इथल्याच एका खासगी दवाखान्यात काम करतेय. जर्मनीत नर्स म्हणून जायचंय. तिथे पूर्ण मान्यता मिळवायला साधारण बी-२पर्यंतची जर्मन लागते आणि मी अजून त्याच्या आधीच्या पायरीवर, बी-१वरच अडकले आहे. निकाल असा: वाचन ७७, लेखन ७१, ऐकणं ४७, बोलणं ५२. चारही भागांत वेगवेगळे १०० पैकी ६० लागतात. राहिलेले दोनच भाग पुन्हा देता येतात, एवढं बरं आहे. पण आहे तसाच अभ्यास केला तर पुन्हा ४७च पडतील, म्हणून हा धागा.

मेहनत कमी पडली असं नाही. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेली आहे मी. दोनशे पानी तीन वह्या भरल्यात. डावीकडे जर्मन शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ, रोज ४० शब्द, ड्युटीवर जायच्या आधी पाठ. बारावीला असंच करून मार्क पडले होते. पण कानावर जर्मन पडली की वहीतला शब्द वहीतच राहतो. परीक्षेत एक आकडा आला, सीबनउन्टफिर्त्सिश. मी मनात आधी फॉर्टी-सेव्हन केलं, मग सत्तेचाळीस, तोवर पुढची दोन वाक्यं निघून गेली. तो भाग एकदाच ऐकवतात.

बोलण्याची परीक्षा जोडीने असते. दोघांनी मिळून एक बेत ठरवायचा होता. मला वर्गणीसाठी शब्द आठवेना, आणि मी गप्पच झाले. समोरची मुलगी माझ्यासाठी थांबून राहिली. तिचा वेळ माझ्यामुळे गेला, त्याचं अजून वाईट वाटतं.

वॉर्डातल्या औषधांचे डोस मी कधी यादी करून पाठ केले नाहीत, तरी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मग भाषेच्याच बाबतीत असं का व्हायलंय?

क्लासमध्ये विचारलं तर "ऐकत राहा, सवयीनं येतं" म्हणतात. सहा महिने ऐकायलेय. भाऊ म्हणतो दुसरा क्लास लाव, तिथे ४५ दिवसांत बी-१ची हमी देतात, फी ४० हजार. पहिली फी बाबांनी सोयाबीन विकून भरली होती. पुन्हा त्यांच्यापुढे हात पसरायचा नाही, असं ठरवलंय.

महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी असते. रोज तासभर मिळतो, कधी तोही नाही. त्या तासात नेमकं काय करावं? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १ (मूळ अंबाजोगाई, जर्मन शिकवते)

ताई, क्लासचा निर्णय आठवडाभर बाजूला ठेवा. सरावाचा एक ऐकण्याचा पेपर सोडवा. मग लिखित मजकूर समोर घेऊन चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा. शब्दच माहीत नव्हता? माहीत होता पण कानाने ओळखला नाही? की ओळखला, पण अर्थ लावेपर्यंत मागे पडलात? तिन्हींवर उपाय वेगळे. ताप कशाने आलाय ते न बघता तुम्ही वॉर्डात गोळी देत नाही, इथेही देऊ नका.

तुमच्या वहीतला उजवा रकाना इंग्रजी आहे, ते मला सगळ्यात जास्त खटकलं. जर्मन मराठीच्या जवळ जाते तिथेही तुम्ही इंग्रजीवरून वळसा घालताय. सीबन सात, उन्ट आणि, फिर्त्सिश चाळीस. आपलं सत्तेचाळीसही असंच, एकक आधी. तुम्ही तो आकडा इंग्रजीत नेऊन उलटा केलात आणि परत सुलटा केलात. दोन वाक्यं तिथेच गेली. ब्लूटड्रुक घ्या: ब्लूट रक्त, ड्रुक दाब. रक्तदाब, सरळसरळ. 'वाइल'नंतर क्रियापद शेवटी जातं म्हणून मुलं रडतात, पण 'वाइल इश हॉयटे नाख्टडीन्स्ट हाबे' म्हणजे 'कारण मला आज रात्रपाळी आहे'. क्रियापदासाठी वाक्य संपेपर्यंत थांबायची सवय मराठी कानाला असतेच. डेर-डी-डास पाहून घाबरायचं कारण नाही, आपल्याकडे तो-ती-ते आहेच. फक्त लिंगं जुळतील असं समजू नका. खिडकी आपल्याकडे ती, तिकडे फेन्स्टर डास. त्यामुळे शब्द नेहमी डेर-डी-डाससकटच शिकायचा. शेवटी उंग, हाइट किंवा काइट असेल तर डी, एवढं लक्षात ठेवलं तरी शेकडो शब्द सुटतात.

लातूर पॅटर्न पूर्ण सोडू नका. त्यातल्या सराव परीक्षा सोन्यासारख्या आहेत. वही पुन्हा वाचण्यापेक्षा वही मिटून आठवलेलं जास्त टिकतं. डोस तुमच्या लक्षात राहिले ते म्हणूनच, रोज गरजेच्या वेळी आठवावे लागले. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली प्रसिद्ध केला. सुरुवातीला आपण झपाट्याने विसरतो, नंतर हळू. म्हणून ४० नवे शब्द रोज नकोत. दहा घ्या आणि चिठ्ठ्या करा. सेबास्टियन लाइटनरने १९७२मध्ये मांडलेली खोक्याची पद्धत बघा: पाच कप्पे, बरोबर आलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलेली परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे दिवसांचं अंतर वाढवत. एप्रनच्या खिशात मावतात.

ऐकण्यासाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेच्या संकेतस्थळावर सावकाश वाचलेल्या बातम्या मजकुरासह मोफत असतात. बी-१ला त्या जड जातील, म्हणून एकच बातमी घ्या. एकदा नुसती ऐका, मग मजकूर बघत, मग निवेदकाच्या मागोमाग मोठ्याने बोला. रोज नवी नको, तीच तीन दिवस.

प्रतिसाद २ (देगलूर)

मला जर्मन येत नाही, पण आमचं दुकान आहे. गिऱ्हाईक मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू असं सगळ्या बोलीचं. मी तेलुगू दुकानातच शिकलो. शब्द अडला की थांबायचं नाही, वस्तूचं वर्णन करायचं. झाकण आठवलं नाही तर 'डब्यावर ठेवतात ते'. समोरचाच शब्द सांगतो आणि तो मग जन्मभर विसरत नाही. ताई, तुम्ही वर्गणीला 'सगळ्यांनी थोडे थोडे पैसे द्यायचे' म्हणायला पाहिजे होतं.

प्रतिसाद ३

अगदी बरोबर. जर्मनमध्ये 'कोनन जी दास बिटे वीडरहोलेन?' (कृपया पुन्हा सांगाल का?) हे वाक्य तोंडात पक्कं बसवा. बोलण्याच्या परीक्षेत पुन्हा विचारलेलं चालतं.

प्रतिसाद ४ (नांदेड)

वरच्यांशी थोडा असहमत. चिठ्ठ्या, बातम्या एकट्याने होतात, बोलणं एकट्याने होत नाही. हमीवाला क्लास लावू नका, पण बोलायला माणूस मात्र लागेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी पेपर सोडवला. ३० पैकी १६ चुकले. कारणं लिहिली: ३ ठिकाणी शब्द माहीत नव्हता, ११ ठिकाणी शब्द माझ्याच वहीत होता पण कानाने ओळखला नाही, २ ठिकाणी मागे पडले. अकरा! म्हणजे चौथी वही भरून काहीच झालं नसतं. भावाला तो कागद दाखवला, क्लासचा विषय संपला.

वहीतला इंग्रजी रकाना खोडून मराठी लिहायलेय. आकडे वॉर्डातच म्हणते, बीपी मोजलं की मनात जर्मनमध्ये. आज पहिल्यांदा 'हुंडर्टसीबनउन्टफिर्त्सिश' ऐकलं आणि थेट एकशे सत्तेचाळीस दिसलं.

नांदेडच्या प्रतिसादावरून विचारते: बी-१ची तयारी करणारी, रोज २० मिनिटं फोनवर फक्त जर्मन बोलेल अशी कुणी मुलगी आहे का? शक्यतो नर्सिंगमधली, म्हणजे पाळ्यांचं समजून घेईल. पुढच्या आठवड्यात माझी दिवसपाळी आहे, रात्री ९ नंतर मोकळी असते. त्यानंतर रात्रपाळी, तेव्हा दुपारी ४ वाजता जमेल. इथेच प्रतिसाद द्या.