टायमर फेऱ्यांनी मोजावा की एफर्टने?

कोरा_नकाशा (प्रश्न)
गेले काही महिने मी चार खेळाडूंचा गट इंडेक्स कार्ड आरपीजी या टेबलावर फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या नियमांनी खेळवत आहे. मागच्या सत्रात गुहेत पाणी भरत होते, बाहेर पडायला एकच लोखंडी दार होते आणि त्या दाराला मी एक हार्ट, म्हणजे १० एफर्ट (काम पुरे करायला फाशांनी जमवायचे गुण), ठेवले होते. टायमरसाठी, म्हणजे किती फेऱ्या उरल्या हे ठरवायला, डी४ (चार बाजूंचा फासा) टाकला तर १ पडला, आणि खेळाडूंनी काही करण्याआधीच निकाल लागल्यासारखे झाले. त्याआधीच्या अशाच एका प्रसंगी ४ पडला होता. तेव्हा चौघांनी शत्रूंकडे पाठ फिरवून दुसऱ्याच फेरीत दार उघडले आणि टायमर नुसताच टेबलावर पडून राहिला. फेऱ्या मोजण्याऐवजी पाण्यालाही एफर्टचा फासा द्यावा का?

तिरका_फासा
आधी हिशेब मांडून पाहू. खोलीचा लक्ष्यांक (यशासाठी फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) १२ आणि खेळाडूचा बोनस २ धरला, तर डी२० वर १० किंवा त्याहून अधिक पडावे लागतात, म्हणजे यशाची शक्यता ५५ टक्के. यश मिळाल्यावर एफर्टसाठी टाकायच्या अवजारांच्या डी६ ची सरासरी ३.५ आहे, म्हणून एका प्रयत्नामागे सरासरी १.९ एफर्टच पदरात पडतो. दोघे दाराशी आणि दोघे शत्रूंशी अशी विभागणी केली, तर दाराला अडीच-पावणेतीन फेऱ्या लागतात. चौघेही दाराला भिडले, तर काम फेरी-दीड फेरीत उरकते. तुमचा १ पडला तेव्हा दोघांना एका फेरीत दार उघडता येण्याची शक्यता अवघी ५ टक्के होती, त्यामुळे खेळाडू चिडले असतील तर त्यांचे काही चुकले नाही. दोन डी४ टाकून मोठा आकडा घ्या. मग १ येण्याची शक्यता चारांत एकवरून सोळांत एकवर उतरते. चौघांच्या झुंडीवरचा उपाय मात्र नियमांत नसून नकाशात आहे: दारापुढे दोघांपुरतीच जागा ठेवा.

शून्यानंतर
हिशेब बिनचूक आहे, पण माझ्या मते दुखणे दुसरीकडे आहे. टायमर शून्यावर आला की सगळे बुडाले, असे ठरलेले असेल, तर १ हा आकडा शिक्षाच ठरणार, मग तो सोळांत एकदा पडो की चारांत एकदा. शून्यावर पाणी कमरेपर्यंत चढू द्या, त्या खोलीतल्या हालचाली हार्ड करा, म्हणजे लक्ष्यांक ३ ने वाढेल, आणि लगेच दुसरा टायमर टाका. तसे केल्यावर पहिल्या फेरीतला १ खेळ संपवत नाही, पेटवतो. आणि फासा टेबलाच्या मधोमध, सर्वांना दिसेल असाच हवा. पडद्यामागे मोजलेल्या टायमरचा धाक कोणाला वाटणार?

विधी_अपूर्ण
मूळ प्रश्नाचे उत्तर राहूनच गेले. पाण्याला फासा देऊ नका. खेळाडू पाण्याचा वेग कमी करू शकत नसतील, तर एफर्टचा फासा टाकून फक्त एक टाकणे वाढते. तिथे फेऱ्या मोजणेच बरे. एफर्टचा टायमर शोभतो तो समोर कोणीतरी काम करत असेल तिथे. समजा, तीन पुजारी २० एफर्टचा विधी करत आहेत आणि जिवंत असलेला प्रत्येक जण फेरीला डी४ टाकतो. कोणी अडवले नाही, तर फेरीला सरासरी ७.५ जमून तिसऱ्या फेरीत विधी पुरा होतो. पहिल्या फेरीनंतर एक पुजारी पडला, तर विधी बहुधा चौथ्या फेरीवर जातो. आता दार फोडायचे की पुजारी पाडायचा, ही निवड खेळाडूंसमोर खरोखर उभी राहते. ब्लेड्स इन द डार्क या दुसऱ्या भूमिका-खेळातील ४, ६ किंवा ८ घरांची घड्याळेही (प्रगती मोजायची, घरांत विभागलेली वर्तुळे) अशीच चालतात: कृतीचा प्रभाव मर्यादित असेल तर एक घर भरते, नेहमीचा असेल तर दोन आणि मोठा असेल तर तीन.

कोरा_नकाशा
आभार. पुढच्या सत्रात पाणी फेऱ्यांवर आणि विधी एफर्टवर ठेवतो. पुजारी जखमी झाला पण पडला नाही, तर त्याने फासा टाकावा का?

विधी_अपूर्ण
ज्या फेरीत मार बसला त्या फेरीत टाकू नये, नाहीतर अर्धवट मारलेला घाव खेळाडूंना फुकट गेल्यासारखा वाटतो. मात्र ही सवलत देणार असाल, तर पुजारी तीनऐवजी चार ठेवा.