अनुभव धागा: कीटोसाठी भाकरी सोडली, पुढं काय झालं?

आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्यांत सध्या कीटोशिवाय विषय नाही, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी आणि तूप-लोण्यासारखी चरबी जास्त असा आहार. दिवसाला कर्बोदकं 50 ग्रॅमच्या आत, काहीजण तर 20. ज्वारीची एक बेताची भाकरी खाल्ली तरी 30 ग्रॅमच्या आसपास जातात. ज्यांनी खरंच केलंय त्यांनीच लिहा, ऐकीव नको. खर्च, घरचे हाल, सोडल्यावर काय, सगळं येऊ द्या.

मिरजेहून:
कीटो नवऱ्याचं, राबले मी. त्याला पनीर, अंडी, लोण्यातली मेथी; सासूबाईंना भाकरी-आमटी; पोरांना पोळी. पहिल्याच आठवड्यात काटा भराभर उतरला आणि हा गावभर सांगत सुटला. त्यात बरंचसं पाणीच असतं हो! अंगात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, एकेका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. साठा संपला की तेही जातं. मग डोकं दुखणं, पायात गोळे. ताक दिलं तर त्यातलीही कर्बोदकं मोजत बसायचा. शेवटी मटणाचं चांगलं खारट सूप पाजलं तेव्हा ताळ्यावर आला. पोट उतरलं, हे मान्य. रात्री भडंगाच्या डब्याकडं जाणारा हात थांबला, हे मला वजनापेक्षा मोठं वाटतं. पनीरच्या बिलाचं विचारू नका.

तासगावहून:
द्राक्षबाग आमची. हंगामात घड तोडायचे आणि एक मणी तोंडात टाकायचा नाही? नाही जमलं.

सांगलीहून, मधुमेह असलेला:
भात-पोळी बंद आणि साखरेच्या गोळ्या मात्र तेवढ्याच, असं करू नका. काही गोळ्यांनी साखर एकदम खाली जाते, इन्सुलिनवाल्यांना तर जास्तच धोका. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळीवर कीटो केलं तर रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा वाढलेला नसतोही. माझ्या डॉक्टरांनी आधी गोळ्या बदलल्या, किडनी आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासलं, मग हो म्हणाले. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 8.1 वरून 6.7 वर आली. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र चढलं. म्हणून तूप कमी केलं, मासे वाढवले, दुपारची अर्धी भाकरी परत आणली. आता याला कीटो म्हणतात की नाही, मला फरक पडत नाही.

इस्लामपूरहून:
आमच्यात अंडंही चालत नाही. डाळ गेली, उसळ गेली, उरलं पनीर. पोट साफ होईना म्हणून सोडलं. एक विचारायचंय, मटण-अंड्यावर कीटो करणारे श्रावणात काय खातात?