मदत हवी आहे : खेकड्याची एक नांगी मोठी, मग द्विपार्श्व सममिती कशी?

नमस्कार मंडळी,

मी झाडीपट्टीतली, गोंदिया जिल्ह्यातली. घरीच दहावीच्या पोरांची विज्ञानाची शिकवणी घेते. सध्या प्राण्यांचं वर्गीकरण सुरू आहे. असममित (कसाही कापा, सारखे भाग होत नाहीत), अरीय (जेलीफिशसारखा, मध्यातून कोणत्याही दिशेनं कापा, भाग सारखेच), द्विपार्श्व (एकाच मधल्या रेषेत कापलं तर दोन सारखे भाग), व्याख्या सगळ्यांच्या पाठ. पण जेलीफिश इकडे कोणी पाहिला आहे? म्हणून म्हटलं, बांधीत-बोडीत (धानाच्या शेतात, लहान तळ्यात) सापडेल ते आणा.

एकानं खेकडा आणला. उजवी नांगी ही एवढी दांडगी, डावी तिच्या अर्धी. पोट्टा म्हणते, “मॅडम, मधातून कापला तर दोन भाग सारखे कुठी होऊन राहिले?” मग एकीनं गोगलगाय काढली. मृदुकाय प्राणी द्विपार्श्व, गोगलगाय सोडून, एवढंच शिकवतात. सोडून का, ते नाही! शिंपला त्याच संघातला, त्याची दोन्ही शिंपं तर अगदी जोडीची.

परीक्षेपुरतं उत्तर मला देता येते. कारण पाहिजे. प्राणिशास्त्रवाले कोणी असाल तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, खेकडा सोपा आहे. सममिती शरीराच्या आराखड्यावरून ठरते. डोळे, पायांच्या जोड्या, नांग्या मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना आहेत ना? झालं तर. एक नांगी जास्त वाढली, एवढंच. असा फरक नरात जास्त दिसतो. उलटा करून पोटाखालची झडप पाहा: निमुळती असली तर नर, रुंद गोलसर असली तर मादी. आपलंही यकृत उजवीकडेच असते की.

गोगलगायीचं प्रकरण खरंच वेगळं. वाढीच्या सुरुवातीलाच तिचा आतड्या-बितड्यांचा गोळा डोकं आणि पाय यांच्या मानानं १८० अंशांपर्यंत फिरतो. मागचं गुदद्वार पुढे डोक्याकडे येते, काही अवयव एकाच बाजूचे उरतात. शंखाचं वेटोळं ही निराळी गोष्ट, पोरं हमखास गल्लत करतात. बोडीतली ती मोठी गोल गोगलगाय असेल तर तिला उजवीकडे कल्ला आणि डावीकडे हवेची पिशवी असते. डोकं बाहेर काढू द्या, शिंगं मात्र जोडीनं दिसतील. शिंपल्यात ही फिराफिरी होतच नाही.

धागाकर्ती

धन्यवाद दादा! झडप पाहिली, नरच निघाला. आता नवीन प्रश्न आला, मोठी नांगी तुटली तर?

प्रतिसाद १

पुन्हा येते, पण कात टाकल्यावरच. आधी बारकी निघते, पूर्ण आकाराला यायला बऱ्याचदा एकाहून जास्त काती लागतात. पोरांना म्हणा, तोडून पाहू नका.