काळ्या म्हशी, पांढरं आभाळ: डोंगरासकट गुरांचे फोटो कसे काढायचे?

बोरिवली_स्लो
मंडळी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोन दिवस इगतपुरी-भंडारदरा करतोय. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे गाडी. चरणारी गुरं मागच्या डोंगरासकट टिपायची आहेत. आत्तापर्यंतच्या फोटोंत म्हशी म्हणजे काळे गोळे आणि आभाळ पांढरंफटक. शेळ्यांच्या तर शेपट्याच मिळतात. फुल फ्रेम बॉडी, २४-७० आणि ७०-२०० मिमी लेन्स आहेत. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) घेऊ का?

सावली_उचला
म्हैस चौकट भरून असेल तर कॅमेरा त्या काळ्याचं करडं करायला जातो आणि फोटो नको तितका उजळतो. तिथे एक्स्पोजर (कॅमेऱ्यावरची उजेड कमी-जास्त करायची +/− पट्टी) −०.७ ते −१ ठेवा. म्हैस लहान आणि मागे ढगाळ आभाळ असेल तर नेमकं उलटं होतं: कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर आभाळाला भुलतो, म्हैस बुडते. तिथे प्लस केलंत की आभाळ गेलंच. रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, हायलाइटची लुकलुक (पांढरा पडलेला भाग पडद्यावर लुकलुकतो ती) बंद होईपर्यंत एक्स्पोजर उतरवा आणि सावल्या घरी उचला. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००-२०० असेल तर बरंच उचलता येतं, १६०० ला काळ्या कातडीवर रवा दिसायला लागतो.

खरा उपाय मात्र आभाळच मागून काढून टाकणं. बांधावर किंवा उताराला दहा-पंधरा फूट वर चढा, म्हणजे म्हशीमागे गवताचा उतार येतो आणि आभाळाची वर जेमतेम पट्टी उरते.

पोलरायझर म्हशींसाठी नको. ओल्या कातडीवर आभाळाची जी चकाकी असते तिच्यामुळेच फासळ्या, खांदा, शिंगाची वळणं कळतात. ती पुसली की पुन्हा काळा गोळा. शिवाय एक ते दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा). नुसत्या ओल्या गवताच्या फोटोला मात्र उत्तम.

वाकून_बघ
शेळ्यांकडे सरळ चालत जाऊ नका, टक लावून तर मुळीच नको. तिरकं जा, मध्येच थांबा. मान वर करून कान तुमच्याकडे वळले की तिथेच खाली बसा. पुन्हा चरायला लागल्या की दोन पावलं पुढे. गाय-म्हशीच्या थेट मागून जाऊ नका, त्यांना तेवढंच दिसत नाही आणि दचकून लाथ बसते.

आधी गुराख्याला विचारायचं: "मामा, फोटो काढू का? यातली मारकी कुठली?" नुकती व्यालेली म्हैस रेडकासोबत असेल तर ७०-२०० वरच समाधान माना. मामांनी हाळी दिली की सगळी डोकी एकदम वर येतात. ते दोन-तीन सेकंद खरे, एरवी खाली मान घातलेली म्हैस दुरून धोंड्यासारखीच दिसते.

चालत्या कळपाला शटर १/५०० सेकंद, सलग फोकस. काळ्या तोंडावर काळा डोळा ऑटोफोकसला बरेचदा सापडत नाही, म्हणून सिंगल पॉइंट शिंगाच्या बुडाशी ठेवा. चारही पाय सुटे दिसले की दाबा. आणि बसूनच काढा, कॅमेरा जनावराच्या डोळ्याच्या उंचीला हवा.

घाटमाथा_७०_२००
बसून काढणं शेळ्यांना ठीक. म्हशीसमोर बसलात की ती पुन्हा आभाळावर जाते, वर लिहिलेला सगळा खटाटोप वाया. म्हशी उभ्यानेच.

डोंगर मोठा हवा तर मागे सरका आणि १००-१३५ मिमी लावा. २४ ला जवळ गेलात तर म्हैस अवाढव्य आणि कळसूबाई टेंगळाएवढं. पण १०० मिमी, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा; मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र आणि जास्त खोलवर स्पष्ट) ला २० मीटरवरच्या गाईवर फोकस केलात तर साधारण ३८ मीटरच्या पुढे सगळं मऊ होत जातं. डोंगराच्या कडा हव्यात तर एफ/१६. ३५ मिमी, एफ/८ ला ५ मीटरवर फोकस ठेवला की अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत चालून जातं.

त्या पट्ट्यात डांगी गाई दिसतील, पांढऱ्यावर काळे-तांबडे ठिपके. हिरव्या उतारावर लहान दिसणारी डांगी उन्हात जळते, −०.७ ठेवा. तेव्हा पठारांवर सोनकी फुललेली असते, त्या पिवळ्यात काळी म्हैस फार खुलते. फुलं तुडवू नका एवढंच.

पहाटेचा अट्टहास नको. सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, पण धारा काढून गुरं सुटेपर्यंत बहुधा आठ वाजतात. संध्याकाळी पावणेपाच ते सव्वासहा धरा. गोरज मात्र तेव्हा मिळणार नाही, जमीन ओली असते. धूळ हवी तर डिसेंबरनंतर या.

सावली_उचला
दोन गोष्टी राहिल्या. एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढलात तर काचेवर धुकं बसेल. बॅग बंद ठेवून २०-३० मिनिटं थांबा किंवा शेवटचा अर्धा तास एसी बंद ठेवा. दुसरं, गुरांच्या कानात १२ अंकी पिवळा बिल्ला असतो आणि फोटोत नजर आधी तिथेच जाते. बिल्ला नसलेल्या कानाच्या बाजूने उभे राहा.

बोरिवली_स्लो
पोलरायझर रद्द. ७०-२०० ला ट्रायपॉड लागेल का?

घाटमाथा_७०_२००
गुरं हलतात, ट्रायपॉड गाडीतच राहील. एफ/१६ ला शटर १/२५० च्या खाली यायला लागला तर आयएसओ ८०० करा.