विषय: गणेशोत्सवाची शिल्लक – मकुएनीत बोअर की वाळूचा बंधारा?

प्रेषक: चिटणीस

नमस्कार मंडळी,

आपल्या नैरोबीतल्या मंडळाच्या गणेशोत्सवाचा हिशोब पूर्ण झाला. थोडी रक्कम शिल्लक आहे. यंदा ती इथे केनियातच, मकुएनी काउंटीत (जिल्ह्यात), पाण्याच्या कामाला द्यावी, असं कार्यकारिणीत ठरतंय. एमाली गावाच्या पलीकडे एका शाळेजवळ बोअर मारायची आणि तिथे मंडळाच्या नावाची पाटी लावायची, असा प्रस्ताव आहे. रविवारपर्यंत मतं कळवा.

प्रेषक: पार्कलँड्सहून एक सभासद

चिटणीस दादा, सर्व मंडळी,

पैसे मकुएनीत जावेत याला माझा मनापासून पाठिंबा आहे, पण बोअरला नाही. कारण सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही मैत्रिणींनी पैसे जमवून उकांबानीतल्या, म्हणजे कांबा लोकांच्या मुलुखातल्या, एका गावात बोअर मारून दिली होती. पाणी लागलं, पण खारं. त्या भागात खोलवरचं पाणी बऱ्याच ठिकाणी असंच निघतं. गुरं प्यायची, माणसांच्या घशाखाली उतरत नव्हतं. पुढे जनरेटर बिघडला, डिझेलला पैसे कुणी काढायचे यावरून वाद झाला आणि पंप बंद पडला. दोन वर्षांनी गेले तेव्हा बायका पुन्हा कोरड्या नदीत झिरा उकरून, वाटी वाटीने पिवळे जेरीकॅन भरत होत्या. वीस लिटरचा एक कॅन भरायला किती वेळ लागतो ते मी शेजारी बसून पाहिलंय. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण चूक आमची होती. आम्ही गावाला विचारलंच नव्हतं.

त्याच प्रवासात वाळूचा बंधारा पाहिला. मी सांगोल्याची, बंधारे पाहतच वाढले. पण हा प्रकार वेगळा आहे. पावसाळ्यात चार दिवस वाहणाऱ्या नदीत, जिथे कातळ वर आलेला असतो, तिथे दगड-सिमेंटची आडवी भिंत घालतात. पुरासोबत आलेली वाळू भिंतीमागे बसते, हलका गाळ पाण्याबरोबर पुढे निघून जातो. एक ते चार पावसाळ्यांत मागचा भाग वाळूने गच्च भरतो. आपल्याकडे बंधारा गाळाने भरला की तो वाया गेला म्हणतात, इथे वाळूने भरला की तो कामाचा होतो! त्या वाळूत तिच्या आकारमानाच्या 40 टक्क्यांपर्यंत पाणी मुरून राहतं. वर वाळू असल्यामुळे ऊन ते ओढून नेत नाही, डास होत नाहीत, गुरं ते घाण करत नाहीत. झिरपून येणारं पाणी पाइपाने नळाला आणतात किंवा काठावर उथळ विहीर खणून हातपंप बसवतात. तिथे दिसणारा अफ्रीदेव पंप तर एका पान्याने गावातल्या बाईला खोलता यावा, असाच घडवलेला आहे. आजूबाजूच्या विहिरींनाही पाणी वाढतं.

आणि हे बांधतं कोण? गावच. कांबा लोकांत 'म्वेथ्या' नावाची जुनी रीत आहे, आपल्या इर्जिकीसारखी. आज माझ्या शांबावर, म्हणजे शेतावर, सगळे, उद्या तुझ्या. या गटांत बहुतेक बायकाच असतात. दगड त्या फोडतात, वाळू आणि पाणी त्याच वाहतात. बाहेरून लागतं ते सिमेंट, लोखंड आणि जागा नीट पारखणारा जाणकार. शेजारच्या मचाकोस काउंटीतल्या कोला भागात जोशुआ मुकुस्या आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी 1978 मध्ये उटूनी गट याच वाटेने उभा केला. किटुई काउंटीत सासोल संस्थेने 1995 पासून नदीनदीवर असे शेकडो बंधारे घातले. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींपासून ब्रिटनमधल्या संस्थांपर्यंत अनेकांनी मदत केली, पण घाम गावाचा होता, म्हणून बंधारेही गावाचेच राहिले.

सिटी मार्केटला आपण ज्या मुइंडी म्बिंगूच्या नावाच्या रस्त्याने जातो, तो माणूस याच मुलुखातला. जमिनीची धूप थांबवायची म्हणून ब्रिटिश सरकारने कांबांची गुरं जबरदस्तीने कमी करायला घेतली, तेव्हा 1938 मध्ये त्याच्या मागे हजारो माणसं नैरोबीत येऊन बसली. त्याला लामू बेटावर हद्दपार केलं, पण सरकारला माघार घ्यावी लागली. जबरदस्तीच्या बांधबंदिस्तीलाही लोकांचा असाच राग होता. पुढे त्याच लोकांनी, त्याच उतारांवर, आपल्या मनाने 'फान्या जुऊ' घातले: चर खणायचा आणि माती वरच्या अंगाला टाकून बांध करायचा. आज मचाकोसच्या डोंगरांवर त्या पायऱ्या दुरूनही दिसतात. म्हणून म्हणते, आधी गावात जाऊन बसू, त्यांना काय हवंय ते ऐकू. आणि पाटी नको. लावायचीच असेल तर त्या गटाच्या नावाची लावू.

प्रेषक: खजिनदार

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुद्दा पटतो. पण माझ्याकडे मंडळाचे पैसे आहेत, म्हणून विचारतो. सिमेंटचा हिशोब कोण ठेवणार? भिंत फुटली तर? आणि त्या भागातली वाळू ट्रकांनी नैरोबीच्या बांधकामांवर येते, हे आपण सगळे मोंबासा रोडवर पाहतो. मागची वाळूच कुणी उपसून नेली तर बंधाऱ्यात राहणार काय? भीमेच्या काठी माझं गाव आहे. वाळू गेली की विहिरींचं काय होतं ते मी पाहिलंय.

प्रेषक: पार्कलँड्सहून एक सभासद

खजिनदार काका,

वाळूची भीती अगदी खरी आहे. मकुएनीने 2015 मध्ये वाळू उपशाला आळा घालणारा कायदा केला, तो याच कारणाने. पण रात्रीचा ट्रक अडवायला कायद्यापेक्षा काठावरची माणसंच लागतात. जिथे गट जुना आहे, जिथे बायकांनी स्वतः दगड वाहिलेत, तिथे त्या वाळूला हात लावू देत नाहीत. म्हणून गट निवडताना त्यांची शेतं बघायची. बांध घातलेत का? झाडं जगवलीत का? वरचे उतार उघडे असतील तर पुराबरोबर माती येते, आणि मातीने भरलेल्या बंधाऱ्यातून पाणी निघत नाही.

भिंत फुटते ती बहुधा पाया कातळापर्यंत गेला नाही किंवा दोन्ही काठांत पुरेशी घुसवली नाही म्हणून. तिथे काटकसर करायची नाही. सिमेंट आपण थेट दुकानातून घेऊन गटाच्या ताब्यात देऊ. गटाची खजिनदार वहीत नोंद करेल, तुम्ही ती वही तपासा. सगळी रक्कम एकदम देऊ नये. काही भाग पुढच्या तीन-चार वर्षांच्या डागडुजीसाठी राखून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

आणखी एक. मकुएनीत तूर पिकते, किस्वाहिलीत तिला 'म्बाझी' म्हणतात. ती व्यापाऱ्यांमार्फत भारतातही जाते, म्हणजे आपल्या माहेरच्या वरणात कदाचित त्या बायकांची तूर शिजत असेल. त्यांच्या शांबाला ओल मिळावी, असं मला फार वाटतं.

प्रेषक: चिटणीस

मंडळी, आलेली पत्रं पाहता बोअरचा प्रस्ताव मागे घेतो. पाटीचाही.

बांधकाम लगेच होणार नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस तोंडावर आहे, आणि तिकडच्या शेतीचा भरवसा याच पावसावर. तेव्हा या हंगामात नदी वाहताना पाहू, पुराची खूण कुठवर जाते ते गावकऱ्यांकडून समजून घेऊ. काम जून ते सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत.

पहिली फेरी येत्या शनिवारी, सकाळी 6 वाजता. ताई आणि खजिनदार काका येताहेत, गाडीत अजून चार जागा आहेत. किस्वाहिली चांगली बोलणारं कुणी हवंय. किकांबा, म्हणजे कांबांची भाषा, येत असेल तर फारच उत्तम. परतताना मकिंडूच्या गुरुद्वारात थांबू. रेल्वेवर काम करणाऱ्या शिखांनी 1926 मध्ये उभारलेल्या त्या गुरुद्वाराचा लंगर वाटेवरच्या कुणालाही उपाशी जाऊ देत नाही. डबे आणू नयेत, बूट मात्र नदीत चालण्याजोगे घालावेत.