मदत हवी आहे: बक कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेतला अर्ध्या टक्क्याचा फरक खात्रीने कसा मोजावा?

12 व्होल्टवरून 5 व्होल्ट, 3 अँपिअर देणारा बक कन्व्हर्टरचा (डीसी व्होल्टेज कमी करणाऱ्या सर्किटचा) बोर्ड आहे. त्यावर बसतील असे दोन इंडक्टर (गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याच्या तारेची वेटोळी) हाताशी आहेत. एकाचा डीसी रोध 20 मिलिओहम, दुसऱ्याचा 10. हिशेबाने पूर्ण लोडला दुसऱ्याच्या तांब्यात 0.09 वॉट कमी जळायला हवेत, म्हणजे कार्यक्षमता जेमतेम अर्धा टक्का वाढेल. पण त्याच्या गाभ्यात किती जळतं ते डेटाशीटवरून नीट कळत नाही, म्हणून मोजूनच ठरवायचं आहे.

व्होल्टेज मी बोर्डावरच्या इनपुट आणि आउटपुट कॅपॅसिटरच्या पायांवर वेगळ्या तारा लावून घेतो. हे फार महत्त्वाचं आहे. लोडपर्यंतच्या जाण्यायेण्याच्या तारांचा रोध 40 मिलिओहम धरला तरी 3 अँपिअरला 0.12 व्होल्ट तिथेच पडतात आणि 94 टक्क्यांचा बोर्ड 91.7 टक्क्यांचा दिसतो.

अडचण करंटची आहे. मीटरची चूक करंटला 1 टक्का, व्होल्टेजला 0.5 टक्का धरली, तर चारही चुका एकाच दिशेने गेल्यावर 3 टक्के होतात. इथे एकूण नुकसानच 6 टक्के! करंटच्या वाटेत शंट (लहान रोध, ज्याच्यावरच्या व्होल्टेजवरून करंट कळतो) वापरावेत का? आणि 10 मिलिअँपिअर लोडला कन्व्हर्टर पल्स गाळत (मधले काही स्विचिंगचे ठोके वगळत) चालतो तेव्हा इनपुट करंटचा आकडा स्थिरच होत नाही, त्याला उपाय काय?

प्रतिसाद १

शंटच वापरा. दोन्हीकडे 50 मिलिओहमचे, 5 वॉटचे घ्या, म्हणजे आउटपुटच्या शंटमध्ये 0.45 वॉट जळले तरी तो फारसा तापणार नाही. तुम्ही व्होल्टेज बोर्डावर घेताय, त्यामुळे शंटवर पडणारं व्होल्टेज हिशेबात येत नाही.

शंटची अचूक किंमत माहीत असण्याची गरज नाही. कार्यक्षमतेला फक्त दोन करंटचं गुणोत्तर लागतं. आधी दोन्ही शंट एकामागे एक जोडून त्यांतून एकच करंट सोडा आणि त्यांच्यावरच्या मिलिव्होल्टचं गुणोत्तर लिहून ठेवा. पुढची सगळी मापं त्याने दुरुस्त करा. चारही मापं एकाच मीटरने घेतलीत तर मीटरची स्वतःची चूकही बरीचशी कटते, मात्र रेंज हाताने लावा, ऑटो नको.

तुम्हाला तर फक्त फरक हवा आहे. जोडणी जशीच्या तशी ठेवून इंडक्टर तेवढा बदला. उरलेली चूक दोन्ही वेळी जवळपास सारखीच येईल. बोर्ड तापून आकडे थांबेपर्यंत वाट पाहा, कारण तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्का वाढतो. इनपुटही दोन्ही वेळी बोर्डावर 12.00 व्होल्टच हवा.

हलक्या लोडसाठी शंट आणि बोर्ड यांच्यामध्ये मोठा इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर टाका. पल्स तो पुरवेल आणि शंटमधून जवळपास सरळ करंट जाईल. तिथे करंट फक्त 5 मिलिअँपिअरच्या आसपास असेल, म्हणून इनपुटला 10 ओहमचा वेगळा शंट लावा. कॅपॅसिटरची गळती बोर्ड काढून मोजा आणि वजा करा.

मूळ धागाकर्ता

गुणोत्तराची युक्ती फारच उपयोगी आहे, मनापासून आभार. एक शंका राहिली: शून्य करंटला शंटवर 0.1 मिलिव्होल्ट दिसतात. ते प्रत्येक मापातून वजा करायचे ना?

प्रतिसाद २

हो, पण प्रोब न हलवता, गरम असतानाच. लोड आणि इनपुट बंद केल्या केल्या शून्य वाचा. तारांचे सांधे थंड झाले की त्यांच्यामुळे दिसणारा तो आकडा बदलतो.