‘सिरियस गेम’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : चाकण परिसरातील एका कारखान्यात नव्या कामगारांना सुरक्षितता शिकवणारा संगणकीय खेळ तयार होत असून त्याच्या मराठी पुस्तिकेचे काम माझ्याकडे आहे. खेळात यंत्र अडकते. आधी वीज तोडायची, मग विजेच्या कळीला (स्विचला) कुलूप लावायचे आणि त्यानंतरच आत हात घालायचा, हा क्रम चुकला की डाव तिथेच संपतो. अशा खेळाला इंग्रजीत ‘सिरियस गेम’ म्हणतात; मसुद्यात त्यासाठी ‘गंभीर खेळ’ असे लिहिले आहे. ते योग्य आहे का?

प्रतिसाद : नाही. अमेरिकी संशोधक क्लार्क आब्ट यांनी १९७० साली ‘सिरियस गेम्स’ याच नावाचे पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांना करमणूक हा मुख्य हेतू नसलेले, विचारपूर्वक शिक्षणासाठी रचलेले खेळ अभिप्रेत होते. मराठीत मात्र प्रकृती गंभीर होते, परिस्थिती गंभीर असते. त्यामुळे ‘गंभीर खेळ’ वाचून कामगाराला जिवावर बेतणारा खेळ वाटण्याचीच शक्यता अधिक. मी ‘तालीमखेळ’ सुचवतो. ‘तालीम’ हा शब्द शिकवणे या अर्थाच्या अरबी शब्दावरून आपल्याकडे आला आणि नाटकाच्या सरावापासून पुण्याच्या पेठांतील आखाड्यांपर्यंत असा रुळला, की त्यात शिकणे आणि घटवून घेणे हे दोन्ही अर्थ आपोआप येतात. प्रत्यक्ष प्रसंगाआधी चूक करण्याची मुभाही त्यात गृहीत आहे, आणि अशा खेळांचे सारे मोल त्या मुभेत आहे.

‘सिम्युलेटर’साठी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा आभास देणाऱ्या सरावयंत्रासाठी, मात्र हा शब्द वापरू नये. एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास ऑर्गनच्या भात्यांचे तंत्र वापरून वैमानिकांसाठी जे सरावयंत्र बनवले, त्यात विमानाच्या हालचालींचा आभास होता, पण डाव नव्हता. डाव, नियम आणि हार-जीत असेल तरच त्याला खेळ म्हणावे.

प्रतिसाद : शब्द आवडला, तरी शाळेसाठी ‘शैक्षणिक खेळ’च ठेवावा असे मला आग्रहाने वाटते. १९७१ साली अमेरिकेतील मिनेसोटात ‘ओरेगॉन ट्रेल’ हा खेळ इतिहासाच्या वर्गासाठी तयार झाला. त्यात मुले वसाहतकऱ्यांच्या प्रवासात अन्न, बैल आणि पैसा यांचा मेळ घालत. तिथे कौशल्य घटवण्यापेक्षा परिस्थिती समजून घेण्यावर भर होता, म्हणून ‘तालीम’ त्याला नेमकी लागू पडत नाही. आपल्याकडचा मोक्षपट, म्हणजे सापशिडीचा जुना अवतार, हाही पाप-पुण्याचा विचार मनात रुजवणारा. त्याला कुणी तालीम म्हणणार नाही.

प्रतिसाद : मी सुचवलेल्या शब्दाची ही मर्यादा मान्य आहे. कारखान्यातील खेळात मात्र क्रम अंगवळणी पाडायचा आहे, त्यामुळे पुस्तिकेत प्रथम ‘तालीमखेळ, म्हणजे प्रशिक्षणासाठी रचलेला संगणकीय खेळ’ असे लिहावे आणि पुढे ‘तालीमखेळात’, ‘तालीमखेळाचे’ अशी रूपे सरळ वापरावीत.